शाळा केंद्रीय मंडळाची असली, तरी मान्यता राज्याचीच

वाचकाचे पत्र

माझी मुलगी नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीतील एका खाजगी विनाअनुदानित शाळेत पाचवीत शिकते. शाळा सीबीएसईशी संलग्न आहे. वेळापत्रकात मराठीची आठवड्याला एकच तासिका आहे आणि तीही बहुधा क्रीडाशिक्षक घेतात. यंदा पुन्हा शुल्क वाढले. पालकांचे प्रतिनिधी कोण, हे आम्हा कोणालाच ठाऊक नाही. पुस्तके आणि वह्या शाळेने सांगितलेल्या एकाच दुकानातून घ्याव्या लागतात. याविषयी विचारले तेव्हा ‘आम्ही केंद्रीय मंडळाची शाळा आहोत, राज्याचा शिक्षण विभाग आमच्या कारभारात लक्ष घालू शकत नाही’, असे प्राचार्यांनी सांगितले. आम्ही काही पालक राज्य शिक्षण मंडळाच्या विभागीय कार्यालयात गेलो, तेव्हा हा विषय मंडळाकडे येत नाही, असे समजले. थेट मुख्यमंत्र्यांकडे तक्रार करावी, असे काही जण सुचवतात. आम्ही नेमके कोणाकडे जावे? आणि तक्रारीचा राग मुलीवर निघाला तर काय करावे?
— एक आई, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्राचार्यांनी तुम्हाला दिलेले उत्तर कायद्याला धरून नाही. सीबीएसई किंवा आयसीएसईशी जोडलेली शाळा राज्याच्या देखरेखीतून सुटते, हा समज पालकांमध्ये इतका खोल रुजला आहे की अनेक जण तक्रार करण्याचा विचारच सोडून देतात. त्यामुळे सुरुवातीला एवढीच गोष्ट पक्की करून घेऊ.

खाजगी शाळेला दोन वेगवेगळ्या परवानग्या लागतात. शाळा म्हणून चालण्याची मान्यता राज्य शासनाची यंत्रणा देते. अमुक मंडळाचा अभ्यासक्रम शिकवून त्या मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेला मुले बसवण्याची संलग्नता ते मंडळ देते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, म्हणजेच शिक्षणहक्क कायदा, २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ नुसार मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय खाजगी शाळा चालवता येत नाही, आणि तशी ती चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड व त्यानंतरही शाळा सुरू ठेवल्यास प्रत्येक दिवसामागे दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खुद्द सीबीएसई आपल्या नियमांनुसार संलग्नता देताना राज्याची मान्यता आणि ना-हरकत प्रमाणपत्र मागते. म्हणजे ज्या कागदाच्या आधारावर तुमच्या शाळेला केंद्रीय मंडळाची पाटी लावता आली, त्या कागदावर राज्याच्या अधिकाऱ्याची सही आहे. केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये केंद्र शासन स्वतः चालवते, त्यांची गोष्ट निराळी. तुमची शाळा त्यांत मोडत नाही. (शाळेला अल्पसंख्याक संस्थेचा दर्जा नाही, असे मी धरून चाललो आहे. तो असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे शिक्षणहक्क कायद्याच्या तरतुदी तिला लागू होणार नाहीत, म्हणून अर्ज करण्यापूर्वी एवढे तपासून पाहा.)

आता तुम्ही विभागीय मंडळात गेलात त्याविषयी. तिथे तुम्हाला जे सांगितले गेले ते बरोबरच होते. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ हे १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेले आणि जानेवारी १९६६ पासून काम करणारे मंडळ आहे. त्याची नऊ विभागीय मंडळे आहेत आणि दहावी-बारावीच्या परीक्षा घेणे, निकाल लावणे व प्रमाणपत्रे देणे हे त्यांचे मुख्य काम आहे. नावात ‘शिक्षण मंडळ’ असल्यामुळे शाळांविषयीची प्रत्येक तक्रार तिथेच करायची असते, असे पालकांना वाटते. प्रत्यक्षात तुमच्या मुलीच्या शाळेशी या मंडळाचा काहीही संबंध नाही.

शाळांवरची प्रशासकीय देखरेख दुसऱ्या साखळीतून चालते. मंत्रालयातील शालेय शिक्षण विभाग धोरण ठरवतो आणि शासन निर्णय काढतो. पुण्यातील शिक्षण आयुक्त आणि त्यांच्या अखत्यारीतील प्राथमिक, माध्यमिक व योजना अशी संचालनालये त्यांची अंमलबजावणी पाहतात, तर आठ विभागांत विभागीय शिक्षण उपसंचालक असतात आणि त्यांतील एक कार्यालय नाशिकलाच आहे. जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक आणि माध्यमिक अशी दोन स्वतंत्र पदे असतात. ग्रामीण भागात त्यांच्याखाली तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, शिक्षण विस्तार अधिकारी आणि दहा-बारा शाळांच्या समूहामागे केंद्रप्रमुख अशी रचना असते. महानगरपालिकेच्या हद्दीत पहिली ते आठवीपर्यंतच्या शाळांचे काम महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, म्हणजे प्रशासन अधिकाऱ्यांकडे येते आणि नववीपासून पुढचे काम जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. मुलगी पाचवीत असल्याने तुमचे पहिले दार महापालिकेच्या शिक्षण विभागाचे आहे. मुख्य अर्ज तिथे द्यावा, आणि त्याच्या प्रती माहितीसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी व विभागीय शिक्षण उपसंचालक यांना द्याव्यात, म्हणजे हद्दीच्या प्रश्नावरून कागद अडून राहणार नाही.

अभ्यासक्रम कोण ठरवते, हे तुम्ही थेट विचारलेले नाही. तरी तुमच्या मराठीच्या तक्रारीचे मूळ तिथेच असल्याने ते सविस्तर सांगतो. घटनेत शिक्षण हा विषय पूर्वी राज्यसूचीत होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत आला, आणि तेव्हापासून केंद्र व राज्य दोघांनाही त्यावर कायदे करता येतात. राज्य मंडळाच्या शाळांसाठी पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम ठरवणारी शैक्षणिक प्राधिकारी संस्था म्हणजे पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद. पुस्तके तयार करते ती बालभारती, म्हणजेच १९६७ साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ. अंतिम निर्णय मात्र शासनाचा असतो आणि तो बदलतोही. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली, १७ जूनला त्या निर्णयात दुरुस्ती झाली आणि राज्यभर उमटलेल्या विरोधानंतर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. अभ्यासक्रमाचे निर्णय वरून येतात आणि पालकांच्या हाती काहीच नसते, असे मानणाऱ्यांनी हे अडीच महिने आठवून पाहावेत. राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदाही २०२४ साली हरकती व सूचनांसाठी जाहीर केला गेला होता. अशा मसुद्यांवर पालकांनी लेखी मत द्यायला हवे, असे मला मनापासून वाटते. ती संधी बहुतेक वेळा कोणाच्या लक्षातही न येता निघून जाते.

सीबीएसईच्या शाळांत अभ्यासक्रमाचा गाभा एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संशोधन परिषदेच्या आराखड्यातून येतो, आणि आठवीपर्यंत काय शिकवायचे याबाबत शाळेला बरीच मोकळीक असते. तरीही राज्याच्या विधिमंडळाने केलेला कायदा त्या मोकळिकीला मर्यादा घालू शकतो, आणि मराठीच्या बाबतीत तसा कायदा झालेला आहे. राज्यातील शाळांमध्ये मराठीचे अध्यापन व अध्ययन सक्तीचे करणारा अधिनियम फेब्रुवारी २०२० मध्ये मंजूर झाला. शाळेचे माध्यम, व्यवस्थापन किंवा मंडळ कोणतेही असो, पहिली ते दहावी मराठी हा विषय शिकवलाच पाहिजे, असे तो सांगतो. २०२०-२१ मध्ये पहिली व सहावीपासून सुरुवात करून दरवर्षी पुढच्या दोन इयत्ता जोडत गेल्याने २०२४-२५ मध्ये पाचवी व दहावीही त्याच्या कक्षेत आल्या. शाळेत मराठी बोलण्यावर बंधन घालता येत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे, आणि कायदा मोडणाऱ्या जबाबदार व्यक्तीला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. इतर मंडळांच्या शाळांना करोनाकाळाचा फटका बसलेल्या एका तुकडीपुरती मूल्यमापनात सवलत दिली गेली होती. विषय न शिकवण्याची मुभा त्यातून कधीच मिळाली नव्हती.

तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर तक्रार मला हीच वाटते. वेळापत्रकात विषय दाखवायचा, त्यासाठी पात्र शिक्षक नेमायचा नाही आणि मिळालेला एकुलता एक तास दुसऱ्या कामात घालवायचा, अशा रीतीने कायदा कागदावर पाळला जातो आणि मुलीला मात्र पाचवीअखेर चार ओळींचे पत्रही लिहिता येत नाही. पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी किमान पात्रता शिक्षणहक्क कायद्यानेच बंधनकारक केली आहे. क्रीडाशिक्षकांकडे ती भाषेसाठी आहे का, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. अर्जासोबत वर्गाचे वेळापत्रक, गेल्या दोन-तीन महिन्यांत मराठीचे किती तास प्रत्यक्षात झाले याची साधी नोंद, मुलीच्या वहीच्या पानांच्या छायाप्रती आणि कोणते पुस्तक लावले आहे याची माहिती जोडा. ‘मराठीकडे दुर्लक्ष होते’ असे मोघम वाक्य लिहिलेला अर्ज शाळेकडे खुलाशासाठी जातो, ‘मराठी शिकवली जाते’ असा एक ओळीचा खुलासा परत येतो आणि विषय तिथेच संपतो. वेळापत्रक व वहीची पाने जोडलेली असतील, तर अधिकाऱ्याला तपासणी करावी लागते. अर्जात मागणीही नेमकी असावी: २०२० च्या अधिनियमानुसार शाळेची तपासणी करावी, मराठीसाठी नेमलेल्या शिक्षकाची पात्रता पडताळावी आणि अहवालाची प्रत अर्जदारांना द्यावी.

एका अर्जात एकच विषय लिहा. मराठी, शुल्क आणि पुस्तके या तिन्ही गोष्टींचे निर्णय वेगवेगळ्या कायद्यांखाली होतात. ते एकत्र लिहिलेत, तर तुमचा अर्ज तीन टेबलांवर फिरेल आणि कोणीच तो आपला मानणार नाही.

शुल्काबाबत राज्यात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे आणि तो खाजगी शाळांना मंडळ न पाहता लागू होतो. त्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो आणि प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो. कार्यकारी समितीवरचे पालक सोडत काढून निवडायचे असतात आणि समितीची यादी जाहीर करायची असते. व्यवस्थापनाने शुल्काचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवायचा असतो आणि एकदा ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षांसाठी बंधनकारक असते. प्रतिनिधी कोण हे तुम्हा कोणालाच ठाऊक नाही, यावरून समिती नियमाप्रमाणे झालेली नसावी असा दाट संशय येतो, म्हणून आधी शाळेकडे समितीची यादी आणि शुल्क मंजूर झालेल्या बैठकीचे इतिवृत्त लेखी मागा. पुढे जाण्याची वेळ आली, तर विभागीय शुल्क नियामक समिती आहे. निवृत्त जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात, पण कायद्यातील दुरुस्तीनंतर पालकांना तिच्याकडे जाण्यासाठी एकूण पालकांपैकी किमान २५ टक्के जणांनी एकत्र यावे लागते. ही अट मला जाचक वाटते, कारण हजारभर मुलांच्या शाळेत इतक्या सह्या गोळा करणे नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्या पालकांना सोपे नाही; तरी आज कायदा तसा आहे आणि तयारी त्याच हिशेबाने करावी लागेल.

पुस्तकांच्या सक्तीबद्दल सीबीएसईचे स्वतःचे नियम तुमच्या बाजूचे आहेत. शाळेने खाजगी प्रकाशकांची पुस्तके लावली, तर त्यांची यादी आणि आपण त्यांतील मजकूर तपासला आहे असे व्यवस्थापक व प्राचार्यांच्या सहीचे निवेदन शाळेच्या संकेतस्थळावर ठेवावे लागते. ठरावीक दुकानातूनच खरेदी करायला लावू नये, असे मंडळाने शाळांना वेळोवेळी बजावलेही आहे. ही एक तक्रार मंडळाच्या पुण्यातील प्रादेशिक कार्यालयाकडे पाठवणे योग्य ठरेल.

त्याच संकेतस्थळावर ‘मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर’ नावाचे पान सीबीएसईच्या प्रत्येक शाळेला ठेवावे लागते. संलग्नतेचे पत्र, राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र, शिक्षणहक्क कायद्याखालील मान्यता व तिचे नूतनीकरण, इमारत आणि अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रे, शुल्करचना, पालक-शिक्षक संघाच्या सदस्यांची यादी असे सारे त्यावर असणे अपेक्षित असते. अर्ज लिहायला बसण्यापूर्वी हे पान उघडा, मान्यतेच्या प्रमाणपत्राची मुदत पाहा आणि पान छापून ठेवा. त्यावर काही नसेल किंवा मुदत संपलेली असेल, तर तो मुद्दा तुमच्या अर्जात सर्वांत वर यायला हवा. मान्यतेचे प्रमाणपत्र प्राचार्यांपुढे ठेवले, की राज्याचा आमच्याशी संबंध नाही, हे उत्तर त्यांना पुन्हा देता येणार नाही.

खाजगी विनाअनुदानित शाळेकडून माहितीच्या अधिकाराखाली थेट माहिती मिळवणे कठीण असते. शिक्षण विभागाच्या दप्तरी असलेली त्या शाळेची कागदपत्रे मात्र त्या अधिकारात मागता येतात, आणि माहिती देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. शाळेची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, तपासणी अहवालात कोणत्या त्रुटी नोंदवल्या आणि त्यांची पूर्तता झाली का, एवढे तीनच प्रश्न विचारा. अनेकदा शेवटच्या तपासणीची तारीखच बरेच काही सांगून जाते. अधिकाऱ्यांची बाजूही इथे नोंदवली पाहिजे. देखरेखीची पदे ठिकठिकाणी रिकामी किंवा प्रभारी असतात, एकेका कार्यालयावर शेकडो शाळांचा भार असतो आणि शिष्यवृत्ती, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणे यांतच त्यांचा दिवस जातो. इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत वर्षानुवर्षे कोणी डोकावत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून अर्ज देताना भाषा मृदू ठेवा आणि पाठपुरावा न सोडता करा. अधिकाऱ्याला तपासणीला जाण्यासाठी जे कारण हवे असते, ते तुमच्या कागदाने पुरवले पाहिजे.

मुलीवर राग निघेल ही तुमची भीती अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. ती प्रत्येक आईबापाला वाटते आणि बहुतेक तक्रारी तिच्यामुळेच लिहिल्या जात नाहीत. कायद्याने मात्र तिची दखल घेतलेली आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध आहे. वर्गात टोमणे मारणे, मुलीला वेगळे बसवणे, स्पर्धेतून किंवा कार्यक्रमातून वगळणे असे काही घडले, तर त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा आणि कलम ३२ खाली महापालिकेकडे स्वतंत्र लेखी तक्रार करा. या तक्रारीवर संबंधितांचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. अर्जावर एकट्या तुमची सही नको. निदान दहा-पंधरा पालकांच्या सह्या असू द्या आणि पहिली सही कोणाची हे ठरवताना मुले वेगवेगळ्या वर्गांत असलेल्या पालकांचा विचार करा, म्हणजे कोणा एका मुलाकडे बोट दाखवता येणार नाही. मुलीच्या वर्गशिक्षिकेशी मात्र तुम्ही स्वतः जाऊन शांतपणे बोला. तुमचा आक्षेप त्यांच्यावर नाही हे त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या, कारण मुलीचा रोजचा संबंध त्यांच्याशी आहे, संस्थाचालकांशी नाही.

राहिला प्रश्न थेट मुख्यमंत्र्यांकडे जाण्याचा. ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा मंत्रालयात दिलेली तक्रार त्या विषयाच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे कार्यवाहीसाठी पाठवली जाते, म्हणजे फिरून ती महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाच्याच टेबलावर येते. त्यापेक्षा पहिला अर्ज इथे समक्ष द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. महिनाभरात उत्तर आले नाही, तर त्या पोच-प्रतीसह विभागीय शिक्षण उपसंचालकांची भेट मागा. मंत्रालयाचा मार्ग त्यानंतरचा, आणि तिथे जाताना हे दोन्ही कागद सोबत जोडा.